सॉफ्ट पेस्टल: खडूतल्या चेहऱ्याची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याच्या स्टेशनरी दुकानात ‘पेस्टल’ मागा, हमखास ऑइल पेस्टल हातात पडते. ती जपानी, 1925 ची. तेल-मेण असल्याने चिकट. व्यक्तिचित्राचे सॉफ्ट पेस्टल तिच्याहून कितीतरी जुने: रंगाची भुकटी, खडूची पूड आणि नावापुरता डिंक. गोंधळ इथूनच सुरू होतो.

व्हेनिसची चित्रकार रोझाल्बा कारिएरा 1720 मध्ये पॅरिसला गेली आणि तिथे पेस्टल व्यक्तिचित्रांची लाट आली. फ्रेंच चित्रकार मोरिस कांतां द ला तूरने 1755 चे मादाम द पोंपादूरचे (राजा पंधराव्या लुईची प्रेयसी) मोठे चित्र निळसर कागदाचे ताव जोडून काढले. निळा कागद हौसेपोटी नव्हे. मधला टोन, म्हणजे ना गडद ना उजळ अशी छटा, कागदच देतो, मग सावली आणि उजेड एवढेच चढवायचे उरते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर दरबारी थाटाबरोबर हे माध्यमही मागे पडले. पुढे फ्रेंच चित्रकार देगाने ते उचलले, थरांमध्ये फिक्सेटिव्ह (पूड धरून ठेवणारा फवारा) मारत.

आजची पद्धत याच वाटेने आली. 160 जीएसएमचा (एका चौरस मीटरचे वजन 160 ग्रॅम) रंगीत कागद घ्या. त्याची जाळीदार बाजू चेहऱ्याला नडते, गालावर ठिपके उमटतात. उलटी बाजू बरी. आधी सावल्या, मग मधले टोन, कपाळा-नाकावरची चमक सगळ्यात शेवटी. तीन-चार थरांत कागदाचे दाणे भरतात आणि खडू नुसता घसरू लागतो. अशा वेळी आणखी रगडू नका; कोरड्या राठ ब्रशने तेवढा भाग झटकून काढा.

युरोपी धर्तीच्या ‘पोर्ट्रेट’ संचात गुलाबी कांड्याच जास्त. आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर उजेडासाठी पांढरा घासला की कातडी राख फासल्यागत दिसते. त्याऐवजी पिवळी माती वापरा, सावलीत गेरू आणि मळकट हिरवा. जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यातही गेरू, पिवळी माती, हिरवी माती हेच रंग आहेत. तिथले सावळे चेहरे एकदा नीट न्याहाळावेत.

फिक्सेटिव्ह हातभर अंतरावरून, हलके आणि फक्त मधल्या थरांवर. शेवटच्या थरावर मारले की उजळ रंग काळवंडतात. कागद किंचित पुढे कललेला ठेवा म्हणजे पूड खाली पडते. फुंकर मारू नये, पूड नाकात जाते. छताचा पंखाही बंद, मग मे महिना असला तरी.

फ्रेममध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालून काच चित्रापासून तीन-चार मिलिमीटर दूर ठेवायची. अ‍ॅक्रिलिक नको, घासले की त्यावर स्थिर वीज येते आणि ती पूड ओढून घेते. खानदेशी उन्हाने हे खडू वितळत नाहीत, त्यांत मेणच नाही. पावसाळ्यात मात्र ओलीच्या भिंतीवर टांगलेल्या चित्राला बुरशी धरते.