दंतमगज : दाह आणि भरून येणे

दाताचा मुकुट व मुळे यांच्या आतील पोकळीत असलेल्या मऊ संयोजी ऊतकाला दंतमगज म्हणतात. दंतवैद्य त्याला पल्प म्हणतात, तर रुग्णांच्या बोलण्यात ती ‘नस’ असते. भ्रूणाच्या तंत्रिकाशिखेपासून आलेल्या पेशींतून तो तयार होतो. सर्व ३२ कायम दातांतील मगज एकत्र केला तरी त्याचे आकारमान सुमारे ०.३८ घ. सेंमी. एवढेच भरते.

मगजाच्या कडेने ओडोंटोब्लास्ट या डेंटिन (मगजाभोवतीचे दाताचे कठीण ऊतक) घडवणाऱ्या पेशींचा थर असतो. त्यांच्या शाखा डेंटिनमधील सूक्ष्मनलिकांत शिरतात. या नलिका मगजालगत दाट असतात (दर चौ. मिमी.ला ४५,००० किंवा अधिक) व बाहेरच्या बाजूस विरळ होतात (सुमारे २०,०००). त्यामुळे कीड जसजशी आत सरकते तसतसा मगजावरील आघात वाढत जातो. गार पाण्याने येणारी क्षणिक कळ नलिकांतील द्रव हलल्यामुळे येते, हे मत गायसी यांनी १९०० मध्ये सुचवले. ब्रेनस्ट्रम यांनी १९६० च्या दशकात त्याला प्रयोगांचा आधार दिला व ते आता बहुमान्य आहे. ही कळ ए-डेल्टा या प्रकारचे तंत्रिकातंतू वाहून नेतात. रात्रीचा बोथट ठणका सी तंतूंचा.

सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये दंतहर्ष (दात शिवशिवणे), कृमिदंतक (दात किडणे) इ. विकार येतात. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असून आज उपलब्ध असलेली संहिता बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाली असावी. मगज ही स्वतंत्र रचना तीत अभिप्रेत होती असे मात्र म्हणता येत नाही.

भोवती कठीण भिंती असल्यामुळे मगजाला सुजायला जागा नसते. म्हणून दाह सुरू झाला की दाब सगळीकडे वाढून मुळाच्या टोकाशी शिरा दाबल्या जातात व संपूर्ण मगज गुदमरून मरतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. व्हॅन हॅसेल (१९७१) आणि टोंडर व क्विन्सलँड (१९८३) यांच्या मोजणीतून दाब दाहाच्या जागीच वाढतो व लगतच्या भागात तो जवळजवळ नेहमीसारखा राहतो, असे दिसले. जादा द्रव लसीकावाहिन्या व केशवाहिन्यांतून निचरतो. म्हणजे मगजाचा एक भाग कुजलेला व उरलेला धडधाकट असू शकतो. सध्याचे मगज वाचवण्याचे उपचार याच निष्कर्षावर उभे आहेत.

जंतू नसतील तर उघडा पडलेला मगजही भरून येतो, हे काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी १९६५ मध्ये दाखवले. जंतुविरहित उंदरांत उघड्या मगजावर कठीण ऊतकाचा पूल तयार झाला. नेहमीच्या उंदरांत मगज मेला.

मूळ ओडोंटोब्लास्ट जिवंत राहिल्यास त्याच पेशी जादा डेंटिन घालतात. त्याला प्रतिक्रियात्मक डेंटिन म्हणतात. त्या मेल्यास नव्या पेशी पुढे येतात व दुरुस्तीचे डेंटिन घडवतात. डेंटिनमध्ये अडकलेले टीजीएफ-बीटा १ सारखे वृद्धिघटक आम्लाने किंवा औषधाने मोकळे होऊन त्यांना चालना देतात. या नव्या पेशी कोठून येतात हा वाद अजून मिटलेला नाही. एके काळी ओडोंटोब्लास्टच्या थराखालील पेशीबहुल पट्टा हे त्यांचे उगमस्थान मानत. फिट्झगेराल्ड यांनी १९७९ मध्ये किरणोत्सर्गी थायमिडीन (विभाजन पावणाऱ्या पेशींवर खूण करणारे द्रव्य) वापरून या नव्या पेशी मगजाच्या खोल भागातून विभाजन पावत वर येतात असे दाखवले. ग्रॉन्थॉस व सहकाऱ्यांनी २००० मध्ये मगजातील मूलपेशी वेगळ्या केल्या व पुढे त्यांचे वास्तव्य रक्तवाहिन्यांभोवती असल्याचे सुचवले. काउकुआ व इतरांच्या २०१४ च्या संशोधनात काही पेशी तंत्रिकांभोवतीच्या श्वान (Schwann) पेशींपासून आल्याचे आढळले. परंतु तो पुरावा उंदराच्या आयुष्यभर वाढणाऱ्या पटाशीच्या दातांचा असल्याने मानवी दाताला सरसकट लागू करणे धाडसाचे ठरेल. माणसापुरता रक्तवाहिन्यांभोवतीचा उगम अधिक संभवनीय दिसतो. रिकुची व सहकाऱ्यांनी तर ओडोंटोब्लास्ट मेल्यावर बनणारा पूल खरे डेंटिन नसून व्रणासारखी डागडुजी असल्याचे मत मांडले आहे. पुलात आढळणाऱ्या पोकळ्या व अनियमित नलिका पाहता ते सहज बाजूला सारता येत नाही.

उघडा पडलेला मगज झाकण्याची जुनी नोंद बर्लिनच्या फाफ यांची (१७५६) असून त्यांनी सोन्याचा पत्रा वापरला होता. कॅल्शियम हायड्रॉक्साइड हेर्मान यांनी १९२० च्या सुमारास प्रचारात आणले. १९९० च्या दशकात तोराबिनेजाद यांच्या प्रयोगांतून एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) हे सिमेंट आले. ते अधिक घट्ट बसते, मात्र त्याने दात काळवंडू शकतो. अपघाताने तुटलेल्या ६० दातांतील मगजाचा वरचा थोडाच भाग काढून स्वेक यांनी १९७८ मध्ये ९६ टक्के यश नोंदवले.

‘परतणारा’ (मगज पूर्ववत होऊ शकेल असा) व ‘न परतणारा’ दाह हे भेद लक्षणांवरून करतात. सेल्ट्झर व बेंडर यांना १९६३ मध्ये लक्षणे व सूक्ष्मदर्शकातील चित्र यांचा मेळ बसला नाही. रिकुची यांच्या २०१४ च्या पाहणीत तो बऱ्याच अंशी बसला. ‘न परतणारा’ ठरलेल्या दातांतही मुकुटातील मगज काढून मुळांतील मगज राखणे अलीकडे स्वीकारले जात आहे. आत किती भाग जिवंत आहे याचा अंदाज घेताना दंतवैद्य उघड्या मगजातून येणारे रक्त किती वेळात थांबते ते पाहतात.