मोबाइलचं रेडिएशन आणि जिवंत पेशी

हँडसेट आणि टॉवर यांच्यामधे ये-जा करणाऱ्या रेडिओ लहरींना आपण मोबाइलचं रेडिएशन म्हणतो, आपल्याकडे त्या बहुतेक 700 ते 3500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या असतात. ठाणे-नवी मुंबईत हा विषय निघतो तो सोसायटीच्या मीटिंगमधे. आमच्या नौपाड्यात गच्चीवर टॉवर घ्यायचा का यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालली होती, सेक्रेटरी म्हणाले भाडं येईल तर मेंटेनन्स कमी होईल आणि वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या माझ्या नातवाच्या डोक्यावर नको. काकूंची काळजी खरीच आहे, म्हणून नीट समजून घ्यायला हवं.

एक्स-रे आणि या लहरी एकाच कुटुंबातल्या, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक. एक्स-रे रेणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकतो, त्याने डीएनए तुटतो. 1800 मेगाहर्ट्झच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या एका कणाची, ऊर्जा रासायनिक बंध तोडायला लागते त्याच्या लाखो पटीने कमी असते, म्हणजे थेट डीएनए तोडणं या लहरींना जमत नाही.

सिद्ध झालेला परिणाम एकच, उष्णता. पेशीतले पाण्याचे रेणू लहरीबरोबर हलतात आणि ऊती किंचित तापते, मायक्रोवेव्हमधे भात गरम होतो तसंच, फक्त तिथे सात-आठशे वॅट असतात आणि 4G फोन जास्तीत जास्त 0.2 वॅट सोडतो. शरीर किती ऊर्जा शोषतं ते सार (SAR) नावाच्या आकड्याने मोजतात, भारतात 2012 पासून मर्यादा आहे किलोला 1.6 वॅट, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. फोनवर स्टार हॅश शून्य सात हॅश डायल केलं की बऱ्याच हँडसेटवर आपला आकडा दिसतो. तासभर बोलल्यावर कान गरम लागतो ना, ती मात्र मुख्यतः बॅटरी आणि प्रोसेसरची ऊब.

खरं भांडण आहे ते तापमान न वाढता पेशीत काही बिघडतं का यावर. 1995 ला अमेरिकेतले संशोधक हेन्री लाय आणि नरेंद्र पाल सिंग यांना उंदरांच्या मेंदूतल्या पेशींमधे डीएनएचे धागे तुटलेले दिसले, खूप गाजलं, पण इतर प्रयोगशाळांनी तोच प्रयोग केला तेव्हा सगळ्यांना तसं दिसलं नाही. पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंमुळे येणारा), शुक्राणूंची हालचाल यावरही असेच उलटसुलट निकाल आहेत. कारण काचेच्या बशीत पेशी 37 अंशावर ठेवायच्या असतात, लहरी सोडल्या की बशीचा एखादा कोपरा थोडा जास्त तापतो, मग पेशीत बदल उष्णतेने झाला की लहरीने हे कळतच नाही. म्हणून मला वाटतं अशी बातमी वाचताना आधी बघावं की तापमान कसं सांभाळलं आणि दुसऱ्या कोणाला तेच दिसलं का.

माणसांवर म्हणाल तर 2011 मधे 47 जणांच्या कानाला 50 मिनिटं चालू फोन लावला, अँटेनाजवळच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर साधारण 7 टक्के वाढला, त्याने अपाय होतो असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना 2बी गटात टाकलं, म्हणजे कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही इतकंच. 2018 च्या अमेरिकन प्रयोगात दोन वर्षं रोज नऊ तास लहरी झेललेल्या नर उंदरांपैकी काहींच्या हृदयात गाठी आढळल्या, पण लहरी झेललेले हे नर उंदीर एकूण लहरी न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. 2024 ला जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

टॉवरपेक्षा कानाला लावलेला फोन जास्त मोजायचा, अंतर वाढलं की लहर झपाट्याने पातळ होते. लिफ्टमधे किंवा बेसमेंट पार्किंगमधे सिग्नलची एकच दांडी असते तेव्हा फोन जोर लावून बोलतो, तिथे लांबलचक कॉल टाळावा नाहीतर इअरफोन लावावा. टॉवरसाठी भारताने 2012 ला आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा इतकी कडक मर्यादा लावली, आणि 2017 पासून तरंग संचार या सरकारी पोर्टलवर जवळचे टॉवर बघता येतात, फी भरून मोजणीही मागता येते, आमच्या मीटिंगमधे शेवटी हीच मोजणी करून घ्यायचं ठरलं.