आयसाबेलचा बोगदा

जड आयनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेतलेल्या जड अणूंच्या, टकरींचा अभ्यास बराच काळ दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या यंत्रांवर चालला. अमेरिकेतल्या बर्कलेचा बेवाट्रॉन हा त्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र, १९५४ मध्ये सुरू झाला तो प्रोटॉनांसाठी. पुढच्याच वर्षी तिथे प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा विरुद्ध भाराचा जुळा कण, सापडला. पुढे त्याची सद्दी संपत आली, तेव्हा टेकडीवरच्या सुपरहायलॅक या त्वरकापासून उतारावरून खाली त्याच्यापर्यंत जड आयन आणणारी नळी टाकली. कल्पना आल्बर्ट गिओर्सो यांची. १९७४ मध्ये ही जोडगोळी बेवालॅक म्हणून चालू झाली.

प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये कोंडलेले क्वार्क हे मूलकण प्रचंड घनतेला मोकळे होतील, असं कॉलिन्स आणि पेरी यांनी १९७५ मध्ये मांडलं. या अवस्थेला प्लाझ्मा म्हटलं ते एडवर्ड शुर्याक यांनी. क्वार्क जवळ आले की त्यांच्यातली ओढ सैल पडते, त्यामुळे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विरळ वायूच होता.

सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने १९८६ पासून ऑक्सिजन, मग गंधक आणि १९९४ मध्ये शिसं आदळवलं. फेब्रुवारी २००० मध्ये नव्या अवस्थेचे पुरावे मिळाल्याची घोषणा केली. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेचं ‘रिक’ हे जड आयन आदळवणारं यंत्र सुरू व्हायला जेमतेम चार महिने होते. मुहूर्त जरा जास्तच जुळून आला!

रिकचा ३.८ किलोमीटरचा बोगदाही उसनाच. तो खोदला होता आयसाबेल या प्रोटॉन-यंत्रासाठी, आणि तो प्रकल्प १९८३ मध्ये गुंडाळला गेला. तिथे सोन्याची केंद्रकं एकमेकांवर सोडली. ती नेमकी समोरासमोर आली नाहीत, तर एकमेकांवर पडणारा भाग बदामासारखा लांबट होतो. आत वायू असता तर कण सगळीकडे सारखेच उडाले असते. पण ते बदामाच्या आखूड बाजूच्या दिशेने जास्त निघाले. दाबाचा फरक जाणवणारं, वाहणारं काहीतरी आत होतं. २००५ मध्ये रिकवरच्या चारही प्रयोगांनी मिळून सांगितलं: हा जवळजवळ घर्षणच नसलेला द्रव आहे. पुढे २०१० मध्ये सर्नच्या एलएचसी या टक्कर-यंत्रात शिशाच्या टकरींतही तोच प्रवाह दिसला.

या चारांपैकी स्टार प्रयोगात फोटॉन मोजणारा, पोळ्यासारख्या षटकोनी कप्प्यांचा शोधक भारतीय गटांनी बनवला. पुढाकार कोलकात्याच्या सायक्लोट्रॉन केंद्राचा. फिनिक्स प्रयोगात मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र होतं.

आयसाबेलच्या त्याच बोगद्यात आता इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर बसवायचं ठरलं आहे.