बेळगावात घरी बिअर बनवायची परवानगी: अर्ज कुठे, कागद कोणते?

घरी वीसेक लिटर बिअर लावायची आहे, अबकारीत कुठला फॉर्म भरू? खानापूर, निपाणीकडची तरुण मंडळी हे वरचेवर विचारतात. माल्ट, हॉप्स, यीस्ट सगळं ऑनलाइन घरपोच येतं, तेव्हा परवानगीही कुठेतरी मिळत असेल असं वाटणं साहजिक आहे. पण असा फॉर्मच नाही. विकायची नाही, फक्त घरच्यांपुरती, असं लिहून दिलं तरी कर्नाटकात घरगुती बिअरचा परवाना मिळत नाही. म्हणून ‘ओळखीने काढून देतो’ असं सांगून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

कर्नाटक अबकारी कायदा १९६५ चा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. एवढंच नाही, तर ते बनवण्याच्या हेतूने साहित्य, भांडी, उपकरणं जवळ ठेवणंही याच कलमात येतं. कलम ३२ खाली तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. किट विकत घेतल्याची पावती म्हणजे परवाना नव्हे, हे घरातल्या मोठ्यांनीही मुलांना सांगायला हवं.

आपल्याकडे गोंधळ होतो तो सीमेमुळे. मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे शिनोळी ओलांडली की कायदा बदलतो. महाराष्ट्रात पिण्यासाठी वैयक्तिक परमिट असतं. चंदगड-कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून ते ऐकून आपले लोक इथेही ‘परमिट काढलं की झालं’ असं धरून चालतात. कर्नाटकात पिणाऱ्याला तसं परमिट लागतच नाही. आणि महाराष्ट्रातलं परमिटही पिण्याचं आहे, बनवण्याचं नाही. चोर्ल्यापलीकडे गोव्यातसुद्धा फेणीच्या भट्टीला परवाना लागतोच.

मग कायदेशीर वाट कोणती? बिअर बनवायची तर मायक्रोब्रुअरी, म्हणजे हॉटेल-बारच्या जागेतच बिअर बनवणारा छोटा कारखाना. ही वाट घरासाठी नाही, व्यवसायासाठी आहे. कर्नाटक अबकारी (ब्रुअरी) नियम १९६७ मध्ये तिची सोय आहे, पण ती आधीपासून मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेला जोडून मिळते: क्लबचा सीएल-४, स्टार हॉटेलचा सीएल-६ए, लॉजिंगसह हॉटेलचा सीएल-७ किंवा बारचा सीएल-९. सुरुवात जिल्ह्याच्या अबकारी उपायुक्तांच्या कार्यालयातून करा. फाईल लावण्याआधी मालकाची ओळखपत्रं आणि पॅन, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, मंजूर बांधकाम नकाशा, महानगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा व्यवसाय परवाना, अन्नसुरक्षा परवाना आणि यंत्रसामग्रीचा तपशील जमवून ठेवा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती सर्वांत आधी बघा, कारण ब्रुअरीचं सांडपाणी हा मोठा प्रश्न असतो. उताऱ्यावरचं, आधारवरचं आणि पॅनवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही तपासा. आपल्याकडे एकच आडनाव कन्नड, मराठी आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि फाईल तिथेच अडते.

एखाद्या समारंभात बिअर द्यायची असेल तर सीएल-५ हा प्रासंगिक परवाना आहे. तो परवानाधारकाकडून घेतलेल्या मद्यासाठी, घरी बनवलेल्यासाठी नाही.

ज्यांना आंबवण्याचीच हौस आहे त्यांच्यासाठी आल्याची बिअर, म्हणजे आलं आणि साखर आंबवून केलेलं पेय, हा चांगला पर्याय आहे, फक्त साखरेवर लक्ष हवं. २०१८ च्या केंद्रीय अन्नसुरक्षा विनियमांप्रमाणे ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य ठरतं. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण अर्धा ग्रॅम अल्कोहोल तयार होतं. म्हणजे लिटरमागे आठ ग्रॅम, जेमतेम दोन चमचे साखर आंबली की ही रेषा गाठली जाते. पाककृतींत तर याच्या कितीतरी पट साखर सांगितलेली असते! म्हणून बाटली एक-दोन दिवसांतच फ्रिजमध्ये टाका. गारव्यात आंबणं मंदावतं, पूर्ण थांबत नाही. विकायची असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी फॉस्कॉस या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते. छोट्या व्यवसायाला फॉर्म ए, फोटो आणि ओळखपत्र लागतं. अल्कोहोलचं प्रमाण मात्र प्रयोगशाळेतून तपासून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

एवढं सांगूनही एजंट ‘नवा नियम आलाय’ म्हणत असेल तर अबकारी खात्याकडूनच लेखी उत्तर मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत लिहा, कारण कायद्यात इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषा यांचाच उल्लेख आहे. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न एकच ठेवा: स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर बनवण्याचा परवाना कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या नमुन्यात दिला जातो? पोस्टल ऑर्डरचा क्रमांक आणि अर्जाची पोचपावती जपून ठेवा.