हिमाचलात ट्राउट पकडायचाय? परवान्याआधी कॅलेंडर बघा

मनालीची तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं, आणि मग कुणाला तरी सुचतं, नदीवर ट्राउटसाठी, म्हणजे थंड पाण्यातल्या त्या माशासाठी, गळ टाकून बसू. सुट्टी नाताळची असेल तर बेत तिथेच संपला. हिमाचलातल्या ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. उशिरा आलेली दिवाळीही त्यात सापडते.

कारण साधं आहे. ब्राउन ट्राउटची वीण थंडीत होते. मादी तळाच्या खडीत शेपटीने खळगा करते, त्यात गाभोळी सोडते आणि वरून पुन्हा खडी लोटते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यातलाच हा हिशेब.

म्हणजे मार्च ते ऑक्टोबर मोकळे. पण मे महिन्यात बर्फ वितळू लागलं की बियास फुगते आणि गढुळते, पुढे पाऊस. माझं मत विचाराल तर मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

परवाना राज्याचा मत्स्यविभाग देतो. पात्रतेची मोठी भानगड नाही, बाहेरच्या राज्यातल्या पर्यटकालाही तो मिळतो. फोटो असलेलं ओळखपत्र (मूळ आणि झेरॉक्स), मुक्कामाचा पत्ता, कोणत्या नदीवर आणि किती दिवस बसणार याची माहिती, एवढी तयारी ठेवा. शुल्क दिवसाच्या हिशेबाने आणि दर गळामागे वेगळं. चौघे जाणार आणि चौघांच्या हातात रॉड असणार, तर परवानेही चार. कुल्लूकडे असाल तर पतलीकूहलचं कार्यालय, उहल नदीसाठी बरोट. तीर्थन खोऱ्यात मुक्कामाच्या घरचे लोकच बहुतेक वेळा कुठे जायचं ते सांगतात. सुट्टीच्या दिवशी कार्यालय बंद असणार हे गृहीत धरून एक दिवस आधी पोचा.

हातात आलेला परवाना नीट वाचा. कोणती नदी, कोणती तारीख, माशाची किमान लांबी. दिवसाला सहाच मासे. जाळं चालत नाही, फक्त गळ. लहान मासा लागला तर ओल्या हातानेच सोडवून पाण्यात सोडायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणि परवाना खिशात असू द्या, खोलीवर नको.

एवढं बंधन कशाला, असं वाटेल. हा मासा मुळात इथला नाहीच. १९०० साली स्कॉटलंडहून अंडी काश्मिरात आली आणि १९०९ च्या सुमारास तिथून कुल्लूकडे. आजही सरकारी केंद्रांत बीज तयार करून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, नद्यांत सोडावी लागतात.

ट्राउटपालनाचा विचार डोक्यात आला असेल तर तो मात्र वेगळा कागदव्यवहार. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वाहत्या पाण्याच्या टाक्यांसाठी खर्चाच्या ४० टक्के, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत ठरलेली आहे. अर्जासोबत जमिनीचे कागद लागतात, आणि पुण्या-मुंबईचा माणूस तिथेच अडतो. हिमाचलच्या १९७२ च्या कूळकायद्यातलं कलम ११८ सांगतं की तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमचा इकडचा सातबारा तिथे उपयोगाचा नाही.