सात बाजांचं सुंभ आणि डोहाचा तळ

सांगली-साताऱ्याकडे कृष्णाकाठच्या गावांत एखाद्या डोहाबद्दल हमखास ऐकायला मिळतं, "सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागत नाही." खाली आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असतात, हेही जोडीला असतंच. तळ प्रत्येक डोहाला असतो. वाहत्या पाण्यात दोरी तिरकी वाहत जाते, दगड टेकल्याचं हाताला कळत नाही आणि दोरी सुटतच राहते. दोष दोरीचा आहे, त्यात आसरांचा काही संबंध नाही.

दोरीऐवजी आवाज सोडला की उत्तर मिळतं. 1826 मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडों आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली घंटा वाजवून ध्वनीचा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे 1435 मीटर भरला, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. रडारच्या रेडिओलहरी पाण्यात लगेच शोषल्या जातात, ध्वनी मात्र दूरवर जातो. टायटॅनिक बुडाल्यावर दोन वर्षांनी, 1914 मध्ये, फेसेंडेन या संशोधकाने सुमारे 3 किलोमीटरवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ या स्फटिकाचे तुकडे बसवले, आणि सोनार, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या वस्तूचा ठाव घेणारं तंत्र, खऱ्या अर्थानं जन्माला आलं.

या क्वार्ट्झचं मला फार अप्रूप आहे. स्फटिकावर दाब पडला की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार येतो. हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं होतं. उलटही घडतं: विद्युतदाब दिला की स्फटिक किंचित आकसतो, फुगतो. हा दाब सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केला की स्फटिक थरथरतो आणि पाण्यात ध्वनी सुटतो. मग तोच स्फटिक गप्प राहून प्रतिध्वनीची वाट बघतो. तो आला की स्फटिक दाबला जातो आणि तारेत वीज उमटते. एकच वस्तू तोंडही आणि कानही! 30 मीटर खोल तळापर्यंत जाऊन यायला सुमारे 40 मिलिसेकंद लागतात. वेळ गुणिले वेग, भागिले दोन, झाली खोली. वेग मात्र तापमानावर ठरतो. 10 अंशाच्या पाण्यात तो 1447, तर 25 अंशाला 1497. उन्हाळ्यात खोल जलाशयात वर कोमट आणि खाली गार असे थर असतात, त्यामुळे प्रत्येक थराचा वेग वेगळा धरला नाही तर मोजमाप चुकतं.

कोयनेसारख्या धरणांत साठणारा गाळ मोजायला हीच युक्ती कामी येते. 200 किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 2 लाख कंपनांचा, बारीक आवाज मऊ गाळाच्या पृष्ठभागावरून परततो. 30 किलोहर्ट्झच्या आसपासचा जाड आवाज गाळात शिरून खालच्या कठीण थरावरून परततो. दोन उत्तरांतला फरक म्हणजे गाळाची अंदाजे जाडी.

नावेला बसवायचं साधं खोलीमापक यंत्र आता सहज मिळतं. वाळू उपशाने नदीत अचानक खोल खड्डे पडतात, पोहणाऱ्यांचा जीव तिथंच जातो. दर पावसाळ्यानंतर घाटाजवळची खोली मोजून तिथं फलक लावायला हवा, मीटरमध्ये.