मेमरी कार्डाचा लेखनवेग

लेखनवेग, मेमरी कार्डाचा : डिजिटल कॅमेऱ्याकडून आलेली माहिती कार्डावर ज्या गतीने नोंदली जाते, ती गती. ती मेगाबाइट प्रतिसेकंद (एमबी/से.) या एककात सांगतात. कार्डावरची माहिती संगणकात उतरवून घेण्याची गती म्हणजे वाचनवेग. तो सहसा जास्त असतो, आणि कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुधा त्याचाच असतो.

लेखन संथ असण्याचे कारण कार्डात माहिती साठवणाऱ्या फ्लॅश स्मृतीच्या घडणीत आहे. तिच्या प्रत्येक कोष्ठात (माहिती साठवणाऱ्या सूक्ष्म घटकात) ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातून इलेक्ट्रॉन ढकलून विद्युतभार साठवावा लागतो. वाचताना तो केवळ तपासायचा असतो. शिवाय लेखन पानापानाने (पान म्हणजे कोष्ठांचा एक गट) होते, पण पुसणे अनेक पानांच्या अख्ख्या ठोकळ्यानेच होते. भरलेल्या पानावर थेट लिहिता येत नाही, आधी ते पुसावे लागते.

या स्मृतीचे जनकत्व तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांना देतात. काळाबाबत मात्र १९८४ आणि १९८७ अशी दोन वर्षे आढळतात. पहिल्या वर्षी मूळ कल्पना मांडली गेली, दुसऱ्या वर्षी तिचा नँड हा प्रकार. नॉर या दुसऱ्या प्रकारची चिप १९८८ च्या सुमारास इंटेलने बाजारात आणली, म्हणून काही जण श्रेयाचा वाटा त्या कंपनीलाही देतात. कॅमेऱ्याच्या कार्डात नँडच वापरतात. तेव्हा येथे १९८७ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक. ‘फ्लॅश’ हे नाव शोजी अरिइझुमी या सहकाऱ्याने सुचवले असे सांगतात : सारी माहिती एका झटक्यात पुसली जाते, हे पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला.

कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांवर (१९९४ पासून) वेग ‘पटीं’त छापण्याची रीत पडली. एक पट म्हणजे सीडी-रॉमचा मूळ वेग, सुमारे १५० किलोबाइट प्रतिसेकंद. म्हणजे १३३ पट हे सुमारे २० एमबी/से. ही पट वाचनाची की लेखनाची, हे अनेकदा लिहिलेले नसे. एसडी कार्ड १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा यांनी पुढे आणले. त्यावर छापलेले वेगाचे वर्ग अधिक विश्वासार्ह आहेत, कारण ते सलग लेखनाची किमान हमी देतात : वर्ग १० व यू१ साठी १०, यू३ व व्ही३० साठी ३०, व्ही६० साठी ६०, व्ही९० साठी ९० एमबी/से. कार्डावरचा रोमन एक किंवा दोन हा आकडा वेगळा. तो यूएचएस या, कार्ड व यंत्र यांमधील वेगवान जोडणीचा असून तिची कमाल अनुक्रमे १०४ व ३१२ एमबी/से. आहे. दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला मागे संपर्कपट्ट्यांची जास्तीची एक ओळ असते. पहिल्या प्रकारच्या कार्डावर १७० चा आकडा असला, तरी तो कंपनीच्या खास वाचकयंत्रावरच मिळतो. कॅमेऱ्यात मर्यादा १०४ चीच राहते.

नाशिकमध्ये लेखनवेगाचे महत्त्व रंगपंचमीला चांगले कळते. वर्षभर झाकून ठेवलेल्या, पेशवेकालीन मानल्या जाणाऱ्या रहाडी (जमिनीतले हौद) त्या दिवशी उघडतात आणि रंगाच्या पाण्यात धप्पा म्हणजे उडी मारणाऱ्यांची रीघ लागते. काठावरचा छायाचित्रकार सेकंदाला १० रॉ (प्रक्रिया न केलेली) छायाचित्रे घेत असेल आणि प्रत्येक २५ एमबीचे असेल, तर सेकंदाला २५० एमबी माहिती येते. कार्ड ८० एमबी/से. लिहीत असेल, तर उरलेले १७० एमबी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, साचतात. हजार एमबीचा बफर सहाएक सेकंदांत भरतो. त्यानंतर सेकंदाला जेमतेम तीन छायाचित्रे निघतात. एक धप्पा सहज टिपला जातो, पण लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या उडीला कॅमेरा रेंगाळतो. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावरून पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हाही हेच घडते. लग्नातील एकेकट्या छायाचित्रांना मात्र साधे कार्डही पुरते.

चित्रफितीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, म्हणून आठाने भागणे आवश्यक. ४०० मेगाबिट म्हणजे ५० मेगाबाइट, त्यासाठी व्ही६० कार्ड लागते. सीएफएक्सप्रेस या नव्या प्रकारची कार्डे यापेक्षा बरीच वेगवान आहेत.

कॅमेऱ्यावरचा दिवा लुकलुकत असेपर्यंत बफरमधील छायाचित्रे कार्डावर उतरत असतात. त्या वेळी बॅटरी किंवा कार्ड काढल्यास ती छायाचित्रे गमवावी लागतात.